निजमुळीचा तोतया

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'निरुपद्रवी' म्हणत. नाव ठेवण्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता, चांगलाही नव्हता. झाडपाल्याच्या जुन्या औषधांची चाचणी घेताना निम्म्या लोकांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना दिसायला हुबेहूब तसंच, पण आत काहीच नसलेलं. या दुसऱ्या प्रकाराला तिथल्या कागदांत 'निरुपद्रवी पूड' असं लिहीत. ती बनवणारा माणूस एकच होता. पुडीचं नाव माणसाला चिकटायला वेळ लागला नाही, आणि चिकटल्यावर त्यांनी ते झटकलंही नाही.

"माणसाला याहून वाईट काय काय म्हणतात," ते बायकोला म्हणाले.

"मी म्हणते की," बायको म्हणाली.

मूळचे ते रंगारी. भिंती रंगवणारे नव्हेत. खोक्याच्या फळीला शिसवीचा दिमाख आणून देणारे. हाताशी एक जुना कंगवा, एक पीस, चिंध्यांचं गाठोडं आणि रंगाच्या चारपाच वाट्या. फळीवर ओला रंग असतानाच कंगवा असा काही वळवायचे की तिच्यात झाडाची वर्षं उमटत. मध्येच एखादी गाठ काढत, आणि गाठीच्या कडेला किंचित चीर, कारण जिवंत लाकडाला कुठेतरी दुखलेलं असतंच असं त्यांचं मत होतं. एका सुताराने त्यांच्या कपाटावर हात फिरवून विचारलं होतं, हे कुठल्या जंगलातलं? त्यांनी खोक्यावरचा कारखान्याचा शिक्का आतून दाखवला. सुतार महिनाभर बोलत नव्हता.

पुढे छापील लाकूड आलं. कागदावर छापलेल्या रेषा, सगळ्या फळ्यांना एकच गाठ, एकाच जागी. लोकांना ते चाललं. खोटंच घ्यायचं तर स्वस्तातलं घ्यावं, या विचारात तसं चुकीचं काही नाही. निरुपद्रवींचं काम मात्र बसलं, आणि कामापाठोपाठ त्यांची झोपही गेली.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे याच प्रयोगशाळेतली कपाटं. तिच्या प्रमुख होत्या बाई. सडपातळ, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि बोलताना समोरच्याच्या वाक्यातला कमकुवत शब्द बोटाने टिपल्यासारखा उचलायची सवय. त्या कपाटांना टेकून कित्येक आठवडे चहा पीत होत्या. एकदा दार उघडताना फळीचा तुकडा निघाला, आणि आतून फळांच्या खोक्याचं लाकूड बाहेर डोकावलं. बाईंनी रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. तो घाबरत आला.

"तुम्हाला एक पूड दुसऱ्या पुडीसारखी करता येईल?" बाईंनी विचारलं.

"दिसायला?"

"दिसायला, चवीला, वासाला, पाण्यात टाकली की बुडायला."

"आणि असायला?"

"असायला काही नको."

रंगाऱ्याने कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे माझंच काम आहे."

त्यांची खोली लांब बोळाच्या टोकाला. एका भिंतीला चाळण्या टांगलेल्या, जाड ते बारीक अशा क्रमाने, एखाद्या घराण्यातली पोरं उंचीप्रमाणे उभी करावीत तशा. मध्ये दगडी ओटा, आणि खिडकीपाशी वाळवणाच्या फळ्या. दुपारी उन्हाचा पट्टा तिरपा होऊन आत यायचा आणि त्यात भुकटी तरंगत असायची. ती कधी खाली बसली असं कुणी पाहिलं नाही. त्या बोळात शिरलं की माणसांची चाल आपोआप मंद व्हायची. पहारेकरी त्या बाजूला फेरी मारायला गेला की बराच वेळ परतत नसे, आणि परतल्यावर त्याच्या एका गालावर चाळणीच्या काठाची खूण असे. बाईंनी याबद्दल एक पत्रक काढलं होतं. ते वाचताना पहारेकऱ्याला जांभई आली.

काम नाजूक होतं. भाजलेल्या पिठात जळक्या साखरेचा रंग मुरवायचा, कडूपणासाठी निरुपद्रवी म्हणून मान्य असलेला एक अर्क थेंबाने मोजायचा, मुळीचे तंतू वाटावेत म्हणून कोंडा चाळून मिसळायचा. मग दोन पेले शेजारी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला घोट घ्यायला लावायचा. कुणी बरोबर ओळखलं की निरुपद्रवी त्याचे आभार मानत आणि सगळी पूड ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. सुरुवातीला एकदा सगळं जमलं होतं, पण खरी पूड पाण्यात रेंगाळत बुडायची आणि त्यांची सरळ तळ गाठायची. ते दोन दिवस पेल्यांपुढे बसून होते. "खरी वस्तू खाली जायला कां-कू करते," असं त्यांनी बाईंना येऊन सांगितलं आणि पिठात कोंडा वाढवला.

वास हा सगळ्यात अवघड. पण त्याबद्दल पुढे.

त्यांच्या बायकोची आत्या शहराच्या टोकाला, बस जिथे वळून परत फिरते त्याच्याही वर, टेकडीच्या उतारावर राहायची. एकटी. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे उतार, आणि त्या उतारावर ती जिला निजमुळी म्हणे ती झाडं. गुडघ्याएवढी, करड्या पानांची, दिसायला अगदी सामान्य. आत्या त्यांची मुळं खणून काढी, सावलीत वाळवी, कुटून ठेवी आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना देई. आधी तिची आई देत असे. तिला कुणी शिकवलं हे विचारायचं राहून गेलं.

आत्याची एकच अट होती. ज्याने मुळी नेली त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं आणि झोप कशी लागली, काय दिसलं, ते सांगायचं. न आलेल्याला पुन्हा मुळी नाही. सकाळी ओट्यावर तीनचार माणसं बसलेली असत: एक बसचालक, एक शिवणारी, एक नुकतीच विधवा झालेली शिक्षिका. आत्या समोर काहीतरी निवडत किंवा झाडत असे आणि हे एकेक करून आपली स्वप्नं सांगत. आत्या शेवटी "बरं" म्हणे. एवढंच. त्याचा अर्थ काय, यावर बसचालकाचे आणि शिवणारीचे मतभेद होते.

निरुपद्रवींना ही मुळी लग्नानंतर मिळाली होती, छापील लाकडाच्या त्या वाईट दिवसांत. पहिल्याच वेळी त्यांना झोप लागली. सकाळी जाऊन त्यांनी सांगितलं की स्वप्नात एक फळी रंगवत होतो आणि ती संपतच नव्हती. आत्या म्हणाल्या, "बरं." त्या दिवसापासून त्या म्हाताऱ्या बाईवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाचं भलं करायला जाणं ही माणसाची जुनी खोड आहे.

"आत्या, तुमची मुळी आमच्याकडे तपासायला द्या," ते एकदा म्हणाले.

"का? काही चोरीला गेलंय का तिच्यातून?"

"तसं नाही. एकदा सिद्ध झालं की झालं. मग कुणी शंका घेणार नाही."

"आत्ता कोण घेतंय?"

निरुपद्रवींना एकदम कुणाचं नाव सांगता येईना. बायको मदतीला आली, म्हणजे तिला वाटलं ती मदत आहे. "देऊन टाक ना आत्या. यांच्या हातून एक तरी खरं काम होईल."

आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "देते. पण मग नीट ऐका, जावईबापू. तुम्ही तपासून होय म्हणालात तर मी काही तुम्हाला हार घालणार नाही. मला ते माहीतच आहे. पण नाही म्हणालात, तर मी ही मुळी देणं बंद करीन. लोकांना खोटं देण्यात मला रस नाही. माझ्या आईचं मला हेच सांगणं होतं."

"नाही कसं म्हणतील, आत्या? मी स्वतः झोपलोय."

"तुमचं काय, तुम्ही बसमध्येही झोपता," आत्या म्हणाल्या, आणि आत जाऊन मुळ्यांची पोती बाहेर ओढू लागल्या.

तर प्रश्न एवढाच होता. निजमुळी खरी ठरली, तर आत्या होत्या तशा राहणार होत्या. खोटी ठरली, तर आत्यांजवळ दोन खोल्या आणि एक उतार उरणार होता.

निजमुळीचा वास सांगायचा तर पावसात भिजलेलं मांजर पुस्तकांच्या बंद कपाटात निजून गेल्यावर मागे राहावा तसा. कुठल्याच बाटलीत तो मिळेना. शेवटी निरुपद्रवींनी आपली रंगाऱ्याची अक्कल वापरली. मुळ्या काढून घेतल्यावर जी पोती रिकामी राहिली ती त्यांनी एका कपाटाला आतून अस्तरासारखी लावली, मध्ये पिठाच्या पराती रचल्या आणि दार लावून ठेवलं. पिठाला वास फार लवकर लागतो. काही दिवसांनी दार उघडलं तेव्हा आत भिजलेलं मांजर तयार होतं. पेल्यांच्या परीक्षेत प्रयोगशाळेतल्या एकालाही फरक ओळखता आला नाही. बाईंनी दोन्ही पेले हुंगले, दोन्ही चाखले, चष्मा काढून परत घातला आणि म्हणाल्या, "याला तर घरचे लोकही फसतील." निरुपद्रवींना त्या रात्री मुळी न घेताच छान झोप लागली.

मग चाचणी सुरू झाली. झोप न येणारी पुष्कळ माणसं गोळा केली गेली. अशा माणसांचा तुटवडा कुठल्याच शहरात नसतो. कुणाला खरी पूड, कुणाला तोतया, हे त्यांना ठाऊक नव्हतं, देणाऱ्या सिस्टरला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. ती यादी एका बंद पाकिटात होती. कुणालाच काही माहीत नसणं हा ज्या एकाच ठिकाणी गुण मानला जातो, ते ठिकाण म्हणजे अशी चाचणी. इतर कचेऱ्यांत तो आपसूकच असतो.

सिस्टर म्हणजे गोल चेहऱ्याची, सावकाश बोलणारी, फोनवर समोरच्याला कधी न तोडणारी मुलगी. तिने रोज सकाळी प्रत्येकाला फोन करून विचारायचं होतं: झोप लागली का? किती वेळाने लागली? निरुपद्रवींनी बाईंना सुचवलं की आत्या स्वप्नंही विचारतात. बाई म्हणाल्या, स्वप्नांना आपल्याकडे रकाना नाही. मग म्हणाल्या, 'आनुषंगिक परिणाम' या रकान्यात बसतील.

त्या रकान्यात काय काय जमा झालं. एका हिशेबनिसाला जिना दिसला होता. वर चढलं की तो खालच्या मजल्यावर पोचत असे, पण त्याला त्याचा राग येत नव्हता. एका बाईंना आपली मेलेली बहीण घरात कपडे वाळत घालताना दिसली. दोघी काही बोलल्या नाहीत, नुसते कपड्यांना लावायचे चिमटे देत-घेत राहिल्या. एकाला फक्त पाणी दिसलं, आणि त्याचं म्हणणं होतं की फोन ठेवायची घाई नसेल तर त्याला अजून थोडा वेळ त्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. सिस्टरला घाई नव्हती. तिचा फोन सकाळभर चाले आणि बोळातून जाणाऱ्यांना एका बाजूचंच ऐकू येई: "हं... मग? ...दार उघडं होतं का?"

काही आठवड्यांनी पाकीट फोडलं.

निजमुळी घेणारे पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले झोपले होते. तोतया पूड घेणारेही तितकेच चांगले झोपले होते. तंतोतंत सांगायचं तर तोतया जरा पुढेच होता, पण एवढा फरक शास्त्र धरत नाही. निरुपद्रवींनी धरला.

बाईंनी निकाल लिहिला: निजमुळीचा परिणाम निरुपद्रवी पुडीपेक्षा वेगळा आढळला नाही. वाक्य सरळ होतं. निरुपद्रवींनी ते बायकोला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"आयुष्यात एकदा कशात तरी पहिले आलात," ती म्हणाली, "आणि तेही माझ्या आत्याच्या विरुद्ध."

"अगं, मी कुठे विरुद्ध होतो."

"मग कोण होतं? पीठ?"

आत्यांना सांगायला दोघंही गेले. आत्या ओट्यावरच होत्या. निरुपद्रवींनी सांगायला सुरुवात केली आणि पुष्कळ शब्द खर्ची घातले: सरासरी, गट, फरक, मर्यादा. आत्यांनी त्या शब्दांकडे पावसात दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे... पिठापेक्षा जास्त नाही."

"म्हणजे नाही."

मग कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं मी काय देत होते?"

बायको आत जाऊन चहा करू लागली, आणि चहात साखर घालायला विसरली, आणि तिघांनीही तो तसाच प्यायला.

आत्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी आलेल्यांना त्यांनी सांगितलं, तपासून झालं, गुण नाही, घरी जा. बसचालकाने हुज्जत घातली. "मी झोपतो ना? मग मला गुण आला ना?" आत्या म्हणाल्या, "तुला गुण आला, मुळीला नाही." तो चिडून गेला. पुढे तो बस चालवताना वळणावर जरा जास्तच जोरात वळवी असं लोक म्हणत. शिक्षिका तरीही सकाळी येऊन ओट्यावर बसली. पण रात्री झोपच लागली नव्हती, त्यामुळे सांगायला काही नव्हतं, आणि आत्यांना विचारायला काही नव्हतं. दोघी उताराकडे बघत बसल्या. मग तीही यायची थांबली. छताला टांगलेल्या जुड्या आत्यांनी उतरवल्या. टेकडीवर खणायला त्या गेल्याच नाहीत. हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने त्या स्वच्छ असलेला ओटा पुन्हा झाडत.

निरुपद्रवींची झोप पुन्हा गेली. आणि जागेपणी त्यांच्या डोक्यात एक आशा उगवली: कपाट.

समजा, पोत्यांच्या अस्तरातून पिठाला नुसता वासच लागला नसेल. समजा, वासाबरोबर मुळीचं सत्त्वही आत शिरलं असेल. तसं असेल तर तोतया हा तोतया नव्हताच. तोही थोडी निजमुळी होता. दोन्ही गट एकच औषध पीत होते, मग फरक दिसणार कसा? चाचणी रद्द. निकाल रद्द. आत्या बरोबर. अडचण एकच: मग त्यांच्या सगळ्या कारागिरीत मुळातच खोट होती, आणि एवढ्या मोठ्या चाचणीची माती करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं असतं. त्यांनी या दोन पारड्यांकडे पाहिलं आणि त्यांना फार हलकं वाटलं. आपल्या कामात चूक निघावी म्हणून इतक्या उत्साहाने नोकरीवर निघालेला माणूस त्या बसने पूर्वी पाहिला नसावा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कपाट हुंगलं. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"वास कसा आणला ते कारागीर सांगत नाहीत, बाई."

"हं. चला, बघू."

बाईंनी स्वतः काचेची पट्टी घेतली. तिच्यावर पांढरा लेप असतो. तळाशी दोन ठिपके द्यायचे, एक खऱ्या पुडीच्या अर्काचा, एक तोतयाच्या. मग पट्टी द्रवात उभी करायची. द्रव वर चढू लागतो आणि ठिपक्यातले निरनिराळे अंश आपापल्या वेगाने त्याच्याबरोबर वर जातात. प्रत्येक वनस्पती अशा पट्टीवर आपली सही करते. हे फार सावकाश होतं. दुपार होती, उन्हाचा पट्टा तिरपा झाला होता, भुकटी तरंगत होती. दोघं स्टुलांवर बसून एका ओल्या रेषेला चढताना बघत होते. पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी पहाट व्हायची वाट बघतंय.

पट्टी वाळवून बाईंनी निळ्या दिव्याखाली धरली. खऱ्या पुडीच्या वाटेवर एकावर एक ठिपके उजळले: पिवळा, मोरपंखी, एक विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा. तोतयाची वाट खालपासून वरपर्यंत कोरी होती.

"पुन्हा करा," निरुपद्रवी म्हणाले.

बाईंनी अर्क अधिक घट्ट करून पुन्हा केलं. वाट कोरीच राहिली.

"पण वास येतोय ना, बाई. वास म्हणजे काहीतरी असणारच."

"असेल. पण इतका कमी, की पट्टीला दिसत नाही. एवढ्याने माणूस झोपत असता तर आपण इथे सगळे घोरत पडलो असतो."

"दुपारी पडतोच की."

"ते जेवणामुळे," बाई म्हणाल्या. मग दिवा बंद करून त्या थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचं काम चोख आहे. हे ऐकून तोंड पडलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

उठताना निरुपद्रवींनी एवढंच विचारलं, "माझी पूड घेणाऱ्यांना काय दिसलं, ते ऐकायला मिळेल?"

बाईंनी सिस्टरला बोलावलं. पाकीट फुटलंच होतं, नावं वगळून वाचायला हरकत नव्हती. सिस्टरने आपल्या सावकाश आवाजात वाचलं. जिन्याचा हिशेबनीस त्यांचा होता. पाण्याचा माणूस त्यांचा होता. मेलेल्या बहिणीबरोबर कपडे वाळत घालणाऱ्या बाई त्यांच्याच होत्या. एकीला रिकामं घर दिसलं होतं, ज्याच्या भिंतींवर दारं नुसती रंगवलेली होती; ती हात लावत लावत गेली आणि त्यातलं एक उघडलं. हे सगळं भाजलेलं पीठ, जळकी साखर आणि कोंडा यांतून आलं होतं. निरुपद्रवी डोळे मिटून ऐकत होते. सिस्टर वाचायची थांबली तरी बराच वेळ त्यांनी ते उघडले नाहीत. बाईंनी खुणेनेच तिला सांगितलं, राहू दे.

त्या संध्याकाळी ते एकटेच टेकडीवर गेले.

"आत्या, मी फार प्रयत्न केला," ते म्हणाले. "माझी चूक निघावी म्हणून. निघाली नाही."

"तुमची चूक आणि निघाली नाही," आत्या म्हणाल्या. "माझ्या भाचीला सांगू नका, धक्का बसेल."

मग त्यांनी आत्यांना स्वप्नं सांगितली. जिना, पाणी, चिमटे, रंगवलेली दारं. आत्यांचे हात बरेच दिवसांनी काहीतरी निवडू लागले. पुढ्यात काही नव्हतं, तरी. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं."

अंधार पडायच्या बेतात होता. आत्या म्हणाल्या, "ही माणसं झोपली. खरं ना?"

"खरं."

"हे तपासलेलं आहे?"

"अगदी नीट तपासलेलं आहे, आत्या. कुणीच काही म्हणू शकणार नाही."

"मग मला तुमचं पीठ आणून द्या."

निरुपद्रवींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, "पण त्यात काही नाहीये."

"नाही ना? तेच सांगून देईन. खोटं देणार नाही म्हटलं होतं, काहीच देणार नाही असं म्हटलं नव्हतं. आणि खणायला गुडघे चालत नाहीत आता माझे."

निरुपद्रवींनी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, काहीच नसलेली पूड लोकांना सांगून द्यायला परवानगी लागते का? बाईंनी नियमावली चाळली. खूप चाळली. सगळी कलमं काहीतरी असलेल्या पदार्थांची होती. "देऊ द्या," त्या म्हणाल्या. "मात्र काय होतं ते मला कळवा. हे कुणी नीट तपासलं आहे का, ते मला बघायचंय."

पहिला बसचालक आला. रागावलेला होता, पण आला. आत्यांनी त्याच्यापुढे पुडी ठेवली.

"यात काय आहे?"

"काही नाही. पीठ आहे. यांनी केलंय, हे आमचे जावई."

बसचालकाने जावयांकडे पाहिलं. जावयांनी मान हलवली, काही नसल्याची ग्वाही म्हणून.

"मग झोप कशी येणार?"

"येते. तपासलंय. चमचाभर घ्यायचं, जास्त नाही."

"काही नसेल तर जास्त घेतलं म्हणून काय बिघडतं?"

आत्यांनी विचार केला. "सवय लागते," त्या म्हणाल्या. "आणि सकाळी येऊन सांगायचं."

तो सकाळी आला. मग शिवणारी आली, मग शिक्षिका. कुणाला लागली, कुणाला नाही लागली. न लागलेल्यांचंही आत्या ऐकून घेत. एकजण रागाने म्हणाला, तुमच्या पिठाचा काही उपयोग नाही. आत्या म्हणाल्या, ते तर मी आधीच सांगितलं होतं, बरं, मग रात्रभर काय केलंस? तो बराच वेळ सांगत बसला.

टेकडीवर त्या वर्षी कुणी कुदळ मारली नाही. उन्हाळा सरता सरता निजमुळीची झाडं कमरेपर्यंत आली, आणि मग एके दिवशी सगळा उतार फिकट जांभळा झाला. निजमुळीला फुलं येतात हे आत्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आईच्या काळापासून प्रत्येक झाड फुलायच्या आधीच उपटलं गेलं होतं आणि मातीत राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून पुन्हा उगवलं होतं.

बाई बघायला आल्या. निरुपद्रवी त्यांना घेऊन आले. चढताना दोघांनाही धाप लागली. वर मधमाश्यांची गुणगुण होती, ऊन कोमट होतं, वाऱ्यात वास होता, पण मांजराचा नव्हे. धुऊन वाळलेल्या दुलईसारखा काहीतरी. बाईंनी सवयीने पिशवी काढली, नमुन्याची.

"या फुलांचं काय करतात?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत," आत्या म्हणाल्या. "मीही आत्ताच बघतेय. बसा तर आधी."

बाई बसल्या. पिशवी मांडीवर, चष्मा गळ्यात. आत्या निरुपद्रवींना काहीतरी सांगू लागल्या, शिवणाऱ्या बाईच्या सुनेबद्दल, आणि सांगता सांगता थांबल्या. बाईंची मान एका बाजूला कलली होती. पिशवी वाऱ्याने फुगून रिकामीच हलत होती.

"उठवू का?" निरुपद्रवींनी हळूच विचारलं. "त्यांची शेवटची बस आहे."

"राहू द्या," आत्या म्हणाल्या. "बसवाला आपलाच आहे, थांबेल. जाग आली की विचारू, काय दिसलं ते."